पंचवीस तारखेची भाजी

मुलांनो, एक प्रश्न विचारते. अगदी खरंखरं उत्तर द्यायचं हं! तुमच्या घरी महिन्याच्या पाच तारखेला काय भाजी असते, आणि पंचवीस तारखेला काय असते?

पाच तारखेला फ्लॉवर-मटार, पनीर, एखाद्या घरी सुरमई नाहीतर कोंबडी. शिवाय आइस्क्रीमचा डबाही आलेला असतो. आणि पंचवीस तारखेला? पिठलं. मुगाची उसळ. बटाट्याच्या काचऱ्या. नाहीतर ‘आज भाजी नाही, आमटीच जरा जास्त घे’ असं आई म्हणते आणि तुमचं नाक वर जातं.

नाक मुरडू नका, हे सांगायला मी आज आलेले नाही. (पिठलं-भाकरीला नाक मुरडणाऱ्यांचं मला नवलच वाटतं, पण ते असो.) मला विचारायचंय ते वेगळंच. या पाच आणि पंचवीस तारखेच्या मधे घरात जे काही चालतं, ते तुम्हाला ठाऊक असतं का? पैसे घरात येतात कसे आणि जातात कुठे? वीस तारीख उलटली की आई-बाबा आतल्या खोलीत हळू आवाजात कसला हिशेब करत बसतात? बहुतेक घरांत मुलांच्या वाट्याला येते ती फक्त एक म्हण : ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत.’ म्हण छान आहे. पण गंमत बघा, अंथरूण केवढं आहे ते मुलांना कुणी उलगडून दाखवतच नाही! मग पाय किती पसरायचे ते त्यांना कळावं कसं?

तेव्हा या आठवड्यात आपण अंथरूणच मोजू या.

त्यासाठी लागते एक शंभर पानी वही. नवी आणू नका बरं का! मागच्या इयत्तेच्या वह्यांमध्ये निम्म्या कोऱ्या राहिलेल्या दोन-तीन तरी सापडतील. तीत रोज रात्री जेवणानंतर पाच मिनिटं बसून लिहायचं : तारीख, काय आणलं, किती रुपयांचं. बस्स. पूर्वी हे सोपं होतं. सकाळी पाकिटात किती होते आणि रात्री किती उरले, एवढं बघितलं की झालं. आता मोबाइलवर ‘टिंग’ वाजतं आणि पैसे गेलेले असतात. नोटा मोजून हातातून सुटताना मनाला जो किंचित चिमटा बसतो, तो त्या ‘टिंग’मध्ये बसत नाही. म्हणून बाबांच्या, आईच्या, ताईच्या फोनवरचे त्या दिवसाचे खर्च त्यांच्याकडून विचारून घ्यायचे. फोन हातात मागायचा नाही. ‘वाचून दाखवा’ म्हणायचं.

आता प्रत्येक खर्चापुढे एक अक्षर लिहा. ‘ग’ म्हणजे गरज. ‘ह’ म्हणजे हौस. आणि ‘व’ म्हणजे वाया. पहिली दोन अक्षरं त्याच दिवशी लिहिता येतात. तिसरं मात्र दोन-तीन दिवसांनी, केराच्या डब्याकडे बघून लिहायचं असतं!

हौसेवर लगेच काट मारायला धावू नका. हौसेला मोल नसतं म्हणतात. वहीत मात्र तिचं मोल लिहायचं, एवढंच. शनिवारची भेळ, आजीचा गजरा, बाबांचं वर्तमानपत्र, दिवाळीचा आकाशकंदील, हे सगळं ‘ह’मध्येच येतं आणि ते असावंच. ज्या घरात ‘ह’ एकदाही लिहिलेला दिसत नाही, ते घर काटकसरी नाही, कंजूष आहे. नाहीतर फार अडचणीत आहे. आपला डोळा हवा तो ‘व’वर.

एक हिशेब करून बघू या. समजा, कोथिंबिरीची जुडी वीस रुपयांना मिळते आणि घरी आठवड्याला दोन जुड्या येतात. पोह्यांवर चिमूटभर, आमटीत चिमूटभर. चौथ्या दिवशी निम्मी जुडी पिवळी पडून चिकट झालेली. म्हणजे आठवड्याला वीस रुपये केरात. वर्षाचे आठवडे बावन्न. गुणा! हजार रुपयांच्या वर फक्त कोथिंबीर फेकली. आता त्यात अर्धी उरलेली ब्रेडची लादी, आंबलेलं दही, तळाशी दबून काळी पडलेली केळी आणि ताटात टाकलेला भात मिळवा. हा ‘व’ कुणाच्या पोटातही गेला नाही आणि कुणाच्या हौसेलाही आला नाही.

कोथिंबिरीचंच उदाहरण मी मुद्दाम घेतलं. परसबागेचं नाव काढलं की पुष्कळ लोकांना वाटतं, आता घरचे टोमॅटो, घरची भेंडी, भाजीवाल्याकडे जायलाच नको! स्पष्ट सांगते, गॅलरीतल्या चार कुंड्यांत चौघांच्या घरची भाजी पिकत नाही. उलट रोपवाटिकेतून रंगीत कुंड्या, मातीच्या पिशव्या, खताची पाकिटं असं सगळं विकत आणलंत तर तो टोमॅटो सोन्याच्या भावानं पडेल. कुंडीचा फायदा वेगळ्याच ठिकाणी आहे. ज्या गोष्टी आपल्याला थोड्या लागतात पण जुडीनं घ्याव्या लागतात, त्या घरी लावायच्या. कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा आणि एखादं मिरचीचं रोप. लागेल तेवढं खुडायचं, बाकीचं झाडावरच ताजं राहतं. झाड म्हणजे वीज न खाणारा फ्रीजच!

कुंडी म्हणून तेलाचा पत्र्याचा डबा, फुटकी बादली, श्रीखंडाचा मोठा डबा, काहीही चालतं. तळाला तीन-चार भोकं पाडा (खिळा-हातोडीचं काम मोठ्यांना बरोबर घेऊन करा). खाली खापराचे तुकडे, वर माती.

धणे मात्र तसेच पेरू नका. धण्याचा एक गोल दाणा म्हणजे दोन बिया एकमेकींना चिकटलेल्या असतात. कागदावर पसरून लाटणं हलकेच फिरवलं की त्या सुट्या होतात. रात्रभर भिजवून पेरा आणि मग धीर धरा. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही घेते. पुष्कळ मुलं पाचव्या दिवशी माती उकरून बघतात आणि तिथंच घात होतो. कडक उन्हाळ्यात ती रुसते, लवकर फुलावर येते. थंडीत मात्र छान फोफावते.

ज्यांना इतका धीर नाही, त्यांनी मेथी लावावी. स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच मेथीदाणे रात्री भिजत घाला, सकाळी पसरट डब्यात दाट पेरा, वर बोटाच्या पेराएवढीही नको, अगदी पातळ माती. तीन-चार दिवसांत हिरवे कोंब डोकं वर काढतात आणि दोन आठवड्यांच्या आसपास कोवळी मेथी कापायला येते. मुंबईच्या बाजारात इवल्याशा जुड्यांची ‘समुद्रमेथी’ मिळते ना, ती अशीच कोवळी, किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीत वाढवलेली असते. वरणात घाला, थालिपिठात घाला.

पुदिन्याला तर बीसुद्धा नको. बाजारच्या जुडीची पानं चटणीला वापरा आणि चार जाड काड्या पाण्यात उभ्या ठेवा. आठ-पंधरा दिवसांत पांढरी मुळं फुटली की डब्यात लावा. गवती चहाचा ठोंब शेजाऱ्यांकडे मागा; ज्यांच्याकडे तो आहे ते नेहमी देण्याच्या तयारीतच असतात, कारण तो आवरत नाही! कढीपत्ता मात्र फार सावकाश वाढणारा गडी आहे. पहिल्या वर्षी त्याची पानं ओरबाडायची नाहीत.

पाण्यासाठी वेगळा नळ सोडू नका. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कुंड्यांना उत्तम. कोकणात मोरीच्या सांडपाण्यावर मागच्या दारी अळू आणि केळ लावलेली तुम्ही पाहिली असेल. ज्या पाण्याला आपण ‘घाण’ म्हणतो, त्याच्यावर घरची अळूवडी होते. फक्त एक पथ्य पाळा. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ताटली आठवड्यातून एकदा तरी ओतून, घासून कोरडी करायची.

आता बेताकडे वळू. ‘आज काय करू?’ हा प्रश्न तुमच्या घरी रोज विचारला जातो की नाही? आणि तुम्ही सगळे ‘काहीही कर’ म्हणता. मग आई काहीतरी करते आणि तुम्ही म्हणता, ‘हे काय!’ हा खेळ बंद करायचा असेल तर रविवारी सकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि आठवड्याचा बेत लिहा. पण बेत लिहिण्याच्या आधी घर बघा. कडधान्याच्या डब्यात काय आहे, टोपलीत काय आहे, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काय दडलंय. बाजाराची यादी त्यानंतर. हाच क्रम उलटा झाला की घरात हळदीची तीन पाकिटं आणि मीठ संपलेलं, अशी अवस्था होते.

बेताची एक सोपी युक्ती आहे. जे आधी खराब होतं ते आधी खायचं. बाजाराच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी. मग भेंडी, गवार, वांगी. त्याच्या पुढे कोबी, दुधी. आठवड्याच्या शेवटी लाल भोपळा, बटाटा आणि कडधान्यं. एक वाटी सुके मूग भिजवून मोड आणले की दोन-अडीच वाट्या तरी उसळीला होतात, तेव्हा तो शेवटचा दिवस काही हलका नसतो.

भाजीला तिचा हंगाम असतो, हेही ध्यानात ठेवा. डिसेंबर-जानेवारीत मटार, गाजर, मेथी, पावटा, ओला हरभरा यांचे ढीग असतात. तेव्हाच ते स्वस्त आणि चवदार. मे महिन्यात मटारची उसळच हवी असा हट्ट म्हणजे खिशाला आणि जिभेला दोघांनाही शिक्षा. शिवाय मटार घेताना शेंगांचं वजन घेतो आपण. सोलल्यावर त्यातलं निम्म्याच्या आसपास टरफलांतच जातं. कांद्याचंही असंच. उन्हाळ्याच्या तोंडी निघणारा कांदा टिकाऊ असतो, तो चाळीत महिनोन् महिने राहतो. पावसाळा सरता सरता हा साठा आटतो, नवा लाल कांदा अजून पुरेसा आलेला नसतो, आणि मग पुष्कळदा भाव चढतात. आपल्याकडे आषाढात कांदेनवमी करतात ना, घरातले कांदे भजी-थालिपिठांत संपवून मग चातुर्मासात कांदा सोडायचा? धर्माचं कारण आहेच, पण दमट हवेत कोंब फुटून सडणारा कांदा आधीच पोटात जातो, हीसुद्धा काही वाईट सोय नव्हे!

आणि बाजारात घासाघीस करायची असली तर कुणाशी करायची हे बघून करा. पाच जुड्या घेऊन फुटपाथवर बसलेल्या आजीबाईंकडून दोन रुपये कमी करून घेण्यात शहाणपणा नाही. तिच्याही घरी एक वही असते, लिहिलेली नसली तरी.

उरलेल्या अन्नाचं काय करायचं ते तुमच्या आज्ज्यांना विचारा. या शास्त्रात त्या पंडित आहेत. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालांची चटणी, कोथिंबिरीच्या कोवळ्या देठांचं वाटण, शिळ्या पोळीचा फोडणीचा चुरा, उरल्या वरणात कणीक मळून केलेलं थालीपीठ. भात मात्र दिवसभर गरम हवेत उघडा ठेवून रात्री फोडणीला टाकायचा नाही. गार झाला की लगेच फ्रीजमध्ये, आणि खाताना चांगला वाफवून. वास आला की टाकून द्यायचा. पोट बिघडून औषधाला पैसे गेले तर कसली काटकसर!

तर असं बघता बघता पंचवीस तारीख येते. आणि ते पिठलं-भाकरी किंवा वरण-भात काही गरिबीचं जेवण नाही बरं. आपल्या शरीराला लागणाऱ्या प्रथिनांत लायसीन नावाचा एक घटक असतो. तांदूळ, गहू, ज्वारीत तो कमी असतो, डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळतं. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. ज्या कुणी पहिल्यांदा वरण भातावर वाढलं, त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण जेवण कळत होतं.

इथं एक फरक सांगायलाच हवा. काटकसर निराळी आणि टंचाई निराळी. १९६५ साली देशात धान्याचा तुटवडा होता, तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचं, सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं होतं आणि अनेक घरांनी ते मनापासून पाळलं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातली माणसं खडी फोडायच्या कामांवर गेली, परदेशातून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. घरात कुणी त्या वेळचं असेल तर जवळ बसून ऐका. तेव्हा माणसांनी सोसलं, ते पुरेसं धान्यच नव्हतं म्हणून. त्याला ‘किती छान काटकसर’ असं म्हणायचं नसतं. असलेलं नीट वापरणं ही काटकसर.

घरातही कधीकधी टंचाई येते. माझ्या माहितीतल्या एका घरची गोष्ट सांगते. नावं सांगत नाही. वडील ज्या कारखान्यात होते तिथली पाळी बंद झाली आणि चार महिने पगार नव्हता. आई शिवणकाम करायची. मुलगी सातवीत. ती रोज वही लिहायची, अगदी आज सांगितली तशीच. त्या महिन्यात शाळेची सहल होती. ‘सहल – ९०० रु.’ असं तिनं वहीत आधीच लिहून ठेवलं होतं. एका रात्री आईनं वही उघडली तर ती ओळ खोडलेली. शाळेत मुलीनं सांगून टाकलं होतं, ‘मला बस लागते, मी येणार नाही.’ घरी अवाक्षर नाही.

वडिलांनी तिला जवळ बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, “बाळ, ही वही सगळ्यांची आहे. यातली ओळ एकट्यानं खोडायची नाही. खोडायची वेळ आलीच तर तिघं मिळून खोडू.” मग तिघं वही घेऊन बसले. वाण्याचं, दुधाचं, विजेचं, आजीच्या औषधांचं. आणि तेव्हा त्या मुलीनं हळूच विचारलं, “मग आपल्याला हे घर सोडावं लागणार का?” ती महिनाभर हेच मनात घेऊन झोपत होती! आईनं मागचं पान काढून दाखवलं. पुढच्या दोन महिन्यांचं भाडं पहिल्याच दिवशी वेगळं काढून ठेवलेलं होतं. तिनं ती ओळ लिहिली नव्हती, कारण तो खर्च अजून झालाच नव्हता.

सहलीला ती त्या वर्षी गेली नाही. नऊशे रुपये खरोखरच नव्हते. पण ती ओळ तिघांनी मिळून खोडली, आणि खाली वडिलांच्या अक्षरात लिहिलं गेलं, ‘पुढच्या वर्षी – ह.’

आता दोन शब्द तुमच्या आई-बाबांशी. ही वही मुलांच्या हाती देताना थोडी भीती वाटेल. मुलं बाहेर बोलतील, मित्रांच्या घराशी तुलना करतील, किंवा उगाच काळजी करत बसतील. सगळेच आकडे सांगायला हवेत असं नाही. कर्ज किती, कुणाचे देणे किती, हे पाचवीतल्या मुलाच्या डोक्यावर ठेवू नये. पण किराणा, भाजी, दूध, वीज, शाळेचा खर्च एवढी पानं उघडी ठेवायला हरकत नसावी. मुलं नाहीतरी बंद दाराआडचं अर्धमुर्धं ऐकतच असतात, आणि राहिलेलं अर्धं स्वतःच रचतात. ते रचलेलं बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. दुसरं असं की, मुलानं आठवड्याचा बेत लिहिला तर एकदा तरी तो जसाच्या तसा होऊ द्या. तीन दिवस बटाटा आला तरी चालेल. चौथ्या दिवशी तोच म्हणेल, आता पुरे!

तर दोस्तांनो, एक तारखेची वाट बघत बसू नका. वही आज रात्रीपासून सुरू करता येते. महिनाभरानं तुमचे ‘ग’, ‘ह’ आणि ‘व’ किती झाले ते मोजा आणि मला पत्रानं कळवा. आकडे कळवले नाहीत तरी चालेल, फक्त सगळ्यात मोठा ‘व’ कशाचा निघाला तेवढं लिहा. आणि हो, झोपण्यापूर्वी दोन चमचे मेथीदाणे वाटीत भिजत घाला. डबा शोधायचं काम उद्या सकाळी.